फौजीच्या घरचा सातबारा



१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली. साठ वर्षे झाली, आपण ती सभासभांतून देत आलो. घोषणेत जवान वेगळा आणि किसान वेगळा. आपल्या कोरडवाहू मुलखात मात्र हे दोघे एकाच घरात राहतात. जमिनीचा मालक फौजेत आणि जमीन कसणारी त्याची बायको, अशी घरे गावोगाव आहेत. त्या घरातला खरा किसान घोषणेतही नाही आणि सातबाऱ्यावरही नाही.

मागच्या खरिपाआधी एका गावची बैठक संपली आणि एक बाई मागे थांबल्या. नवरा पलटणीत, सासरे थकलेले, दोन लेकरे, पाच एकर कोरडवाहू. मला वाटले, बोंडअळीचे औषध विचारतील. कृषी पदवीधराला लोक तेवढेच विचारतात. बाई म्हणाल्या, "भाऊ, कापूस मला समजते. कागदाचं काय करू ते सांगा."

त्यांचे गाऱ्हाणे साधे होते. पीककर्जाचे नवे-जुने करायचे तर बँकेला खातेदाराची सही हवी. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा तर आधार नवऱ्याचे, आणि ओटीपी जाणार नवऱ्याच्या मोबाइलवर. तो मोबाइल कधी लागतो, कधी चार-चार दिवस लागत नाही. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस घालायचा तर आधी ॲपवर नोंदणी, तीही आधार आणि जमिनीच्या कागदावर. नोंदणी हुकली की उरते ती खेडा खरेदी, दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर आणि त्याच्याच भावाने.

पेरणी कधी करायची, डवरणी कधी, मजूर कोणाचे लावायचे, ज्वारी किती एकर ठेवायची, हे सगळे ही बाई ठरवते. पाऊस लांबला तर दुबार पेरणीचे बियाणे तीच उधारीवर आणते. शेजाऱ्याने बांध कोरला तर तिने तोंड उघडायचे नाही, कारण "तुझा नवरा येऊ दे, मग बोलू." मोजणीचा अर्ज द्यायला गेली तर "मालक कुठे आहे?" मालक सीमेवर आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी प्रश्न तोच.

जवानाला वर्षाची रजा ६० दिवसांची, वर थोडी किरकोळ रजा. ती कधी मिळेल हे मृग नक्षत्र ठरवत नाही, पलटण ठरवते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजेवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावले. आपल्याकडे ते दिवस वखरणीचे आणि बियाण्याची जमवाजमव करण्याचे. तो बॅग उचलून गेला. बायकोने एका कानाने बातम्या ऐकल्या आणि दुसरीकडे वखराला माणूस शोधला. देशाच्या संरक्षणाचा हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही.

पोरगा फौजेत का गेला, हेही स्पष्ट बोलू. देशप्रेम आहेच, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे हिशेबही करतात. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. कोरडवाहू एकरात चार क्विंटल धरा, झाले ३२,४४० रुपये. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी जायची आहे. अग्निवीराच्या हाती पहिल्या वर्षी महिन्याला २१,००० रुपये येतात. म्हणजे एका एकराचे वर्षाचे ढोबळ उत्पन्न त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढे. म्हणून फौजीच्या घरची शेती कापसावर चालत नाही, मनिऑर्डरीवर चालते. सरकार शेतीला सबसिडी देते असे म्हणतात. इथे शिपायाचा पगार सरकारच्या भावधोरणाला सबसिडी देतो आहे.

आता तर तो आधारही आखूड झाला. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर कायम होणार फार तर चौघांतला एक. बाकीचे तिघे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन परत येणार, पेन्शनशिवाय. भरतीला अविवाहित मुलगा लागतो, म्हणून त्याच्या मागे शेत सांभाळते ती आई. चार वर्षांनी पोरगा त्याच पाच एकरांवर येऊन उभा राहील, तेव्हा कापसाचा भाव त्याला पोसणारा असेल का, हा आपल्या आंदोलनाचाच प्रश्न आहे.

आणि जो परत येत नाही, त्याच्या घराचे काय? १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात केंद्रीय राखीव दलाचे ४० जवान गेले. त्यांत दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. असा दिवस आला की सारा तालुका लोटतो, रस्त्यावर फुले पडतात. तेरावा झाला की मांडव निघतो. मग वारस नोंदीचा कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढायला बाईच्या सोबत किती जण असतात, हे आपण आपल्यालाच विचारावे.

रडून भागणार नाही. करण्याजोग्या तीन गोष्टी हाताशी आहेत.

पहिली, लक्ष्मीमुक्ती. १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ही हाक दिली. १९९२ साली राज्य सरकारने परिपत्रक काढून, नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. जमीन जवानाच्या स्वतःच्या नावावर असेल तर पुढच्या सुट्टीत पहिले काम हे करावे. जमीन सासऱ्यांच्या नावे असेल तर वडीलधाऱ्यांनी मन मोठे करावे.

दुसरी, मुखत्यारपत्र. सुट्टीवर आलेल्या जवानाने बायकोच्या नावे ते रीतसर करून ठेवावे. त्यात कर्ज, मोजणी आणि मालविक्री हे तिन्ही विषय स्पष्ट लिहावेत. मोघम कागद बँक परत करते.

तिसरी, कायद्याची माहिती. इंग्रजांनी १९२५ साली सैनिकांच्या दाव्यांसाठी एक कायदा केला, तो आजही लागू आहे. जवान युद्धाच्या किंवा तशा खास परिस्थितीत नोकरीवर असेल, तर योग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर त्याच्याविरुद्धचा दिवाणी वा महसुली दावा थांबवून ठेवता येतो. पाठीमागे जमीन लाटणाऱ्याला हा कायदा ठाऊक नसतो. आपल्याला ठाऊक असावा. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावी.

या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या फौजी घरांची यादी आणावी. त्या घरी पेरणीच्या दिवशी औत कोणाचे जाईल आणि तहसीलला बाईसोबत कोण जाईल, ही दोन नावे यादीतल्या प्रत्येक घरापुढे लिहावीत. त्या घरच्या बायांनाही बैठकीला आणावे, मागे बसायला नव्हे, बोलायला. ज्या दिवशी त्यांचे नाव सातबाऱ्यावर चढेल, त्या दिवशी 'जय जवान, जय किसान' म्हणायचा हक्क आपल्याला येईल.