गुपित आणि न्याय : ब्रिटिश गुन्हेमालिकांतील हेर

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधाच्या मालिकांत हेरगिरीचे सूत्र आले की रहस्यकथेचा घाट बिघडतो, असे एक मत आहे. मर्यादित संशयित, प्रेक्षकांसमोर ठेवलेले पुरावे आणि अखेरचा उलगडा ही या प्रकाराची शिस्त. गुप्त खाती आणि परकीय सत्ता तिला शिथिल करतात, हा या मताचा आधार. या मताला घाट दिसतो, घाटामागील गृहीतक दिसत नाही.

सत्य सापडले की ते चारचौघांत उच्चारले जाणारच, हे शोधकथेचे मूळ गृहीतक होय. हेरगिरीचे सूत्र हाच सांधा उसवते. गुन्हेगार सापडतो, पण त्याचे नाव न्यायालयात घेता येत नाही. ज्याला घाटाचा बिघाड म्हटले जाते, ती वस्तुतः या प्रकाराच्या भाबड्या न्यायश्रद्धेची परीक्षा असते.

अर्थात, प्रत्येक हेरकथा ही परीक्षा घेतेच असे नाही. ग्रॅनडाच्या शेरलॉक होम्स मालिकेतील ‘द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ (१९८८) या भागात पाणबुडीचे आराखडे फुटतात ते एका कर्नलच्या हातून. डॉइलच्या मूळ कथेत (१९०८) त्याला कर्जाने घेरलेले आहे. दोष व्यक्तीचा, राज्यसंस्था निष्कलंक. आराखडे परत मिळाले की न्यायही झाला, असे मानून कथा मोकळी होते.

अँथनी हॉरोविट्झ यांची ‘फॉयल्स वॉर’ (२००२-२०१५) ही सोय नाकारते. ‘द फ्रेंच ड्रॉप’ (२००४) या भागात युद्धकालीन गुप्त संघटनाच एका तरुणाच्या मृत्यूची खोटी कथा रचते. फॉयल सत्य ओळखतो, पण ते जाहीर करत नाही. २०१३च्या भागांपासून तर तो स्वतःच एमआय फाइव्हमध्ये दाखल होतो. शोध घेणारा गुपिताचाच सेवक बनतो.

हा पेच लेखकांच्या कल्पनेतून उपजलेला नाही. एमआय सिक्सचे अस्तित्व ब्रिटिश सरकारने १९९२पर्यंत अधिकृतपणे मान्य केले नव्हते. ‘जनरल बेलग्रानो’ या जहाजाच्या जलसमाधीविषयीची कागदपत्रे एका खासदाराकडे पोचवणारे अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांना ज्यूरीने १९८५मध्ये निर्दोष सोडले. पुढे १९८९च्या गोपनीयता कायद्याने लोकहिताच्या बचावाला जागाच ठेवली नाही. ज्या देशात ज्यूरीच्या निर्णयानंतर कायदाच असा बदलतो, तेथे कथेने न्यायालयाच्या दारातच संपावे हा आग्रह कलात्मक शुद्धतेचा नसून राजकीय विस्मरणाचा आहे.

म्हणून हेर कथानकात बसतो की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. मौन कोणी मागितले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब मालिका मांडते काय, हा निकष समीक्षेने स्वीकारला पाहिजे. तो लावला तर नावाजलेल्या अनेक भागांची प्रतिष्ठा उणावेल, आणि ते इष्टच आहे.