पुळणीला खेटून गाव

वेल्सच्या लिन द्वीपकल्पाच्या टोकाला अ‍ॅबरडॅरन आहे. गल्ल्या चिंचोळ्या आणि जुनं दगडी चर्च थेट पुळणीला खेटलेलं, कवी आर. एस. थॉमस १९६७ ते १९७८ इथे धर्मगुरू होते. पलीकडे बार्डसी बेट, मध्ययुगीन यात्रेकरूंचं. जवळच्या पोर्थोर किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय घासत चाला, वाळू चक्क चूंचूं करते! अशा ठिकाणी गर्दी होणारच. पण बाहेरच्यांनी या भागात सुट्टीपुरती घरं विकत घेतली, किमती चढल्या आणि इथल्या वेल्शभाषक तरुणांना आपल्याच गावात घर परवडेना. स्थानिक ग्विनेद परिषदेने २०२३ पासून अशा घरांच्या घरपट्टीवर १५० टक्के अधिभार लावला, योग्यच केलं. तुम्ही गेलात तर गावकऱ्यांकडेच उतरा, त्यांच्याच दुकानातून सामान घ्या.