लाकडी घोड्यांना कागदपत्रं लागत नाहीत

पॅरिसच्या बेर्सी भागात, वाइनच्या जुन्या गोदामांमध्ये, जत्रेतल्या खेळांचं आणि पाळण्यांचं एक संग्रहालय आहे. झाँ-पॉल फावाँ या नटाने, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने, ते जमवलं. त्याचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. लालसोनेरी दिवे, लाकडी घोडे आणि खाली ‘सो व्हिंटेज’च्या कॉमेंट्स.

संग्रहालय झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. तिथे चालू पाळण्यात बसता येतं. १८९७ सालचा सायकलींचा मेरी-गो-राउंड मला सगळ्यात आवडतो. बसणाऱ्यांनीच पेडल मारायचं, तेव्हा तो फिरतो. (गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन त्यालाच राबवायचं, ही आयडिया काही आजच्या ॲपवाल्यांची नाही.)

माझं भांडण आहे ते ‘किती गोड होता तो काळ’ या वाक्याशी. गोड कुणाला? असले पाळणे गावोगाव नेणाऱ्या, पक्कं घर नसलेल्या जत्रेवाल्यांना फ्रान्सने १९१२ साली कायदा करून फोटो लावलेलं ओळखपुस्तक बाळगायला लावलं. ‘नोमाद’ ठरवलेल्या भटक्यांच्या पुस्तकात तर बोटांचे ठसे आणि शरीराची मापंही असत. १९६९ साली कायदा बदलला, पुस्तकं नवी आली. शिवाय एका गावात अशा लोकांची नोंद लोकसंख्येच्या ३ टक्क्यांवर जायची नाही. मत द्यायचं, तर एकाच गावाशी सलग ३ वर्षं नाव जोडलेलं हवं. मताची अट २०१२ मध्ये गेली, कायदा थेट २०१७ मध्ये. म्हणजे तुमच्या हातात स्मार्टफोन आला, तरी त्यांच्या खिशात ते पुस्तक होतंच.

आपण फ्रेंचांना नावं ठेवायला नकोत. इंग्रजांनी १८७१ साली कायद्याने कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीचा व्हिडिओ काढताना, तिचं रेशनकार्ड कुठल्या गावचं, हे आपण कधी विचारतो का?

कुणी म्हणेल, अरे, मजा करायला गेलो, तिथे कायदा कशाला काढतोस? काढणार. तुमच्या मजेसाठी ज्याने पाळणा उभा केला, त्याला गावात किती दिवस थांबू द्यायचं, हे दुसरंच कुणीतरी ठरवत होतं. म्हणून माझी मागणी एवढीच : कुठल्याही संग्रहालयात जत्रेतला पाळणा ठेवाल, तर शेजारी तो नेणाऱ्याचं ओळखपुस्तकही ठेवा, पानं उघडी करून. मग खुशाल मारा पेडल.