सावित्रीनें काय मागितलें?

ज्येष्ठी पौर्णिमा जवळ आली कीं मीरा-भाईंदरच्या बाजारांत वडाच्या फांद्या विकावयास येतात, आणि सोसायट्यांतील सुवासिनी कुंडींत फांदी रोवून तिला सूत गुंडाळतात. व्रत घरोघर पाळलें जातें. परंतु त्यामागील कथा महाभारताच्या वनपर्वांत मुळांतून वाचणारीं घरें थोडींच असतील.

तेथील सावित्री आमच्या समजुतींतल्या मूक पतिव्रतेहून फार निराळी आहे. पित्याच्या सांगण्यावरून ती रथांत बसून स्वतः वर शोधावयास निघते. सत्यवानाचें एक वर्षाचेंच आयुष्य उरलें आहे असें नारदांनीं सांगितलें, तरी आपली निवड बदलीत नाहीं. यमाशीं ती धर्मचर्चा करते, आणि पतीचे प्राण मागण्यापूर्वीं सासऱ्याची दृष्टि व त्याचें गेलेलें राज्य मागून घेते. राज्याचा विचार तिला परका नव्हता. आमच्या व्रतांत उपास राहिला. निवड, वाद आणि राज्य हीं मात्र गळालीं.

आतां दुसरी बाजू पाहा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकांत सावित्रीचेंच उदाहरण घेऊन विचारलें कीं, बायकोसाठीं यमाच्या वाटेस गेलेला नवरा कोणीं ऐकला आहे काय? आदिपर्वांत त्याच्या जवळची एक कथा आहे. रुरूनें सर्पदंशानें मेलेल्या आपल्या वाग्दत्त प्रमद्वरेस स्वतःचें अर्धें आयुष्य देऊन उठविलें. तरी रुरूचें व्रत कोणत्याही पंचांगांत सांपडत नाहीं. यावरून असें दिसतें कीं, कथांतून आपण जें वेंचतों, तेंच स्त्रीला बांधतें.

ही वेंचणी देवघरापुरती राहत नाहीं. २०११ पासून महाराष्ट्रांतील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखीव आहेत. २००२ सालीं स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेसही हाच नियम लागू आहे. असें असतां, निवडून आलेल्या बाईऐवजीं तिच्या यजमानांशींच बोलणें बरें, असें पुष्कळ सुशिक्षितांसही वाटतें. कारण लहानपणापासून ऐकलेल्या कथेंत ती पतीच्या मागें चालते. वनपर्वांत ती चालते यमाच्या मागें, आणि बोलत बोलत चालते.

व्रत सोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. पूजा आटोपल्यावर घरांतील वडील माणसांनीं सुना-मुलींसह सर्वांस ही कथा मुळांतून वाचून दाखवावी, आणि मुलग्यांस रुरूची सांगावी. एका दुपारचें काम आहे.