फुफीची अंगठी आणि वाडीचा पाचवा हिस्सा

गेल्या महिन्यात फुफीने एक जुनी अंगठी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "वसईला चाललायस ना, सोनाराकडून हिची किंमत काढून आण." अंगठी दादीची. मधे एक हिरा, भोवती सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीत एक बारीक हिरा. आतली बाजू झिजून गुळगुळीत झालेली.

सोनाराने ती मशीनमध्ये तपासली आणि खडे वजा धरून साडेचार ग्रॅम सोनं सांगितलं. हॉलमार्क नाही, त्याची सक्ती २०२१ पासूनची, अंगठी त्याच्या कितीतरी आधीची. हिरे जुन्या पैलूचे, त्यांना मोडीत फारसा भाव नाही. नक्षीकाम बघून तो खूश झाला, पण नक्षीचे पैसे मोडीत मिळत नाहीत.

घरी येऊन आकडा सांगितला. फुफी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझी वाडी एवढ्याचीच झाली."

सोपाऱ्याजवळ आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. दादी आधी गेली, मग दादा. मागे वारस तीन: अब्बा, चाचा आणि फुफी. १९९० मध्ये वसई-विरार भागाचं नियोजन सिडकोकडे आलं आणि वाड्यांच्या जागी इमारती दिसू लागल्या. १९९४ मध्ये फुफीने हक्कसोडपत्रावर सही केली. त्याच संध्याकाळी ही अंगठी तिच्या बोटात घातली गेली. सगळ्या खानदानाने भावांचं कौतुक केलं. अंगठीही दादीच्याच मालमत्तेतली होती आणि तीतही फुफीचा हिस्सा होताच, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, बोललं कोणी नाही.

सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. मुलाला दोन, मुलीला एक. दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे पाच हिस्से, त्यातला एक बहिणीचा. मालमत्ता थोडी असो वा जास्त, बायकांचा हिस्सा ठरलेला आहे, हेही तिथे स्पष्ट आहे. तो भावाच्या मर्जीवर ठेवलेला नाही.

रमजान आला की आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांवर जकात आहे की नाही? हनफी म्हणतात आहे. आम्ही कोकणी शाफई, आमच्या मसलकात नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर ती नाही. या अडीच टक्क्यांवर पुरुष मंडळी तरावीहनंतर तास तास बोलतात. बहिणीच्या वीस टक्क्यांवर मी आजवर एकही चर्चा ऐकलेली नाही.

कोणी म्हणेल, फुफीने राजीखुशीने सही केली. फिक्हमध्ये त्यालाही जागा आहे. एखादा वारस ठरलेली वस्तू घेऊन आपल्या हिश्श्यातून बाहेर पडतो, त्याला तखारुज म्हणतात. मान्य. पण राजी व्हायला आपण काय सोडतोय ते माहीत असावं लागतं. फुफीला वाडीचा भाव कोणी सांगितला नव्हता. तिला एवढंच कळत होतं की सही केली नाही तर ईदला माहेरचं दार उघडेल की नाही याची खात्री नाही. या भीतीला रजामंदी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटातला बौद्ध स्तूप उकरला. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, आणि त्यांच्याबरोबर सोन्याची फुलं. ती वाहणारा कोण होता, ठाऊक नाही. पण परत हाती लागणार नाही अशा जागी त्याने ती ठेवली. आमच्या घरातलं सोन्याचं फूल दिलं गेलं ते मात्र जमीन हातात राहावी म्हणून.

हे फक्त आमच्या घरात घडलं असतं तर मी लिहिलं नसतं. वसईत हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांच्या घरीही मी हेच पाहिलंय. तिथेही "बहिणीला दागिने दिलेत ना" हे वाक्य ऐकलंय. पण शरीयतला हात लावू नका म्हणून रस्त्यावर येणारे आम्ही, तेव्हा आमचा हिशेब आधी.

आणि माझाही. हे मी ज्या फ्लॅटमध्ये बसून लिहितोय, तो त्याच वाडीच्या बदल्यात अब्बांना मिळाला. अब्बा आता नाहीत, कर्ज मात्र आहे. कफन-दफनाचा खर्च झाला की आधी मय्यतचं कर्ज फेडायचं, मग वाटण्या करायच्या, हे आम्हाला लहानपणीच शिकवलंय. फुफीचा हिस्सा मी त्या कर्जातच धरतो. भावंडांना आणि चाचांच्या मुलांना मी तसं सांगितलं. दोघं हो म्हणाले, एकाने फोन उचलणं सोडलं.

फुफीला अंगठी परत दिली तेव्हा हेही सांगितलं. तिने ती बोटात घातली आणि म्हणाली, "माझी सही स्टॅम्प पेपरवर घेतली होती. तुम्हीही स्टॅम्प पेपरवरच लिहून द्या."

या आठवड्यात वकिलाची वेळ घेतली आहे.