‘दुप्पट धोका’ म्हणजे नेमका किती?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने एक इशारा दिला. तिसऱ्या पिढीतल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा तो इशारा होता. डॉक्टरांना पत्रे गेली, बातम्या झळकल्या आणि घाबरलेल्या अनेक स्त्रियांनी गोळ्याच बंद केल्या. इशारा खोटा नव्हता. आधीच्या पिढीतल्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७ हजार स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होई, नव्या गोळ्या घेणाऱ्या ७ हजारांपैकी दोघींना होत होता. एकीच्या दोघी झाल्या, म्हणजे वाढ १०० टक्के. पण ७ हजारांमागे फक्त एक जास्त. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. वाईट याचे वाटते, की गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर हे उदाहरण वारंवार देतात. १९४७ साली जन्मलेले, तरुणपणी जॅझ बँडमध्ये बँजो वाजवणारे गिगरेंझर पुढे माणूस निर्णय कसा घेतो या प्रश्नाकडे वळले आणि त्यातच रमले. १९९७ पासून वीस वर्षे ते बर्लिनच्या माक्स प्लांक मानव विकास संस्थेत संचालक होते. २००९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये जोखीम साक्षरतेसाठी हार्डिंग केंद्र सुरू झाले.

या क्षेत्रात डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांचा मोठा दबदबा होता. शक्यतांचा अंदाज बांधताना माणूस ठरावीक पद्धतीने चुकतो, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवले होते. आजार मुळात किती जणांना असतो, हे आपण हिशेबात धरतच नाही, हीही त्यातलीच एक चूक. गिगरेंझर यांचा आक्षेप वेगळा होता. दोष सगळा माणसाच्या डोक्याला देण्याआधी प्रश्न कोणत्या भाषेत विचारला ते तपासा, असे त्यांचे म्हणणे. माणूस हजारो वर्षे मोजून शिकला आहे. टक्केवारी ही अलीकडची गोष्ट. १९९५ मध्ये त्यांनी उलरिख होफ्राग यांच्याबरोबर हे प्रयोगाने दाखवले. टक्क्यांतली गणिते माणसांच्या संख्येत मांडली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण बरेच वाढले. सगळ्यांची उत्तरे तरीही बरोबर आली नाहीत, हेही सांगायला हवे.

डॉक्टर तरी यात मागे नसतील, असे वाटेल. गिगरेंझर यांनी जर्मनीतल्या १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक प्रश्न घातला. स्तनांचा कर्करोग तपासणीला येणाऱ्यांपैकी १ टक्का स्त्रियांना असतो. असेल तर मॅमोग्राफी ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते; नसेल तरी ९ टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. मग एखादीची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर तिला कर्करोग असण्याची शक्यता किती? पर्याय चार दिले होते. बरोबर उत्तर फक्त २१ टक्के डॉक्टरांनी दिले. बहुतेकांनी ती शक्यता ८०-९० टक्के मानली.

आता हेच माणसे मोजून पाहू. १००० स्त्रिया तपासणीला आल्या. त्यातल्या १० जणींना कर्करोग आहे; त्यांपैकी ९ जणींची तपासणी पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी सुमारे ८९ जणींचीही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह एकूण ९८ आणि त्यात खरा कर्करोग ९ जणींना. दहातली साधारण एक! ही पद्धत शिकवल्यावर त्याच डॉक्टरांपैकी ८७ टक्क्यांचे उत्तर बरोबर आले.

या हिशेबाचा अर्थ पॉझिटिव्ह अहवाल फेकून द्यावा असा नाही. पुढची तपासणी करायलाच हवी. ज्या बाईला गाठ लागते आहे, तिच्यासाठी हे आकडेही वेगळे असतात. पण ‘तुम्हाला कर्करोग आहे’ आणि ‘अशा दहाजणींपैकी एकीला निघतो, म्हणून आणखी तपासू’ या दोन वाक्यांत त्या बाईच्या कित्येक रात्रींच्या झोपेचा फरक आहे.

आपल्याकडेही आता ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती शहरोशहरी दिसतात. काहीही त्रास नसलेली माणसे डझनावारी तपासण्या करून घेतात. आजार जितका दुर्मीळ, तितके फसव्या पॉझिटिव्हचे प्रमाण जास्त, हे अहवालाच्या कागदावर लिहिलेले नसते. ते सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे, आणि बाह्यरुग्ण विभागातली गर्दी ही त्यासाठी सबब होऊ शकत नाही. शंभरांपैकी किती, हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. वैद्यकीय विद्यार्थी संख्याशास्त्राची सूत्रे परीक्षेपुरती पाठ करतात. रुग्णासमोर आकडा कसा बोलायचा, हेही त्यांना शिकवायला हवे. बातम्या देणाऱ्यांनीही ‘धोका दुप्पट’ लिहिताना आधी किती होता आणि आता किती झाला, हे दोन्ही आकडे द्यावेत.

तोवर वाचकांनी एक सवय लावून घ्यावी. कोणी धोका वाढल्याचे सांगितले, औषधाने तो निम्मा होतो म्हटले, की शांतपणे विचारावे : ‘माझ्यासारख्या हजारजणांत आधी किती आणि आता किती?’ हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आपल्या शरीराविषयीच्या निर्णयात आपला वाटा मागण्याचा तो सर्वांत साधा मार्ग आहे.