‘शिरड’मधली वेलांटी आणि फोनची मालकी

१/
२०११ साली बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त अँड्रॉइड फोनांना ‘शिरड शहापूर’ हे नाव वाचता येत नव्हते. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले, भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे दूरवर परिचित असलेले हे गाव पडद्यावर उमटे ते रिकाम्या चौकोनांची ओळ होऊन. ‘हिंगोली’ची गत तीच, ‘मल्लिनाथ’ या नावाचीही तीच. फोनची किंमत मात्र गिऱ्हाइकाने पूर्ण मोजलेली असे.

२/
त्या चौकोनांच्या जागी अक्षरे आणण्यासाठी काही हौशी वापरकर्त्यांनी जो मार्ग धरला, त्याचे नाव ‘रूट करणे’. कंपन्यांच्या लेखी ती छेडछाड होती, वॉरंटी नाकारण्यास पुरेसे कारण होते. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर तो मालकाने आपल्या वस्तूवर बजावलेला हक्क होता. यंत्र जितके स्वस्त, तितकी ते उघडता येण्याची गरज मोठी. आणि आज नेमकी हीच वाट बुजत चालली आहे, असे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

३/
‘रूट’ म्हणजे मूळ. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीत सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला हे नाव मिळाले. यंत्राच्या हिशेबी त्याचा क्रमांक शून्य. लिनक्सने ही रचना स्वीकारली आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच असल्याने ती खिशातल्या फोनपर्यंत आली. फरक एवढाच, की स्वतःच्या संगणकावर लिनक्स बसवणाऱ्याला रूटचा पासवर्ड स्वतः ठरवता येतो. फोन विकत घेणाऱ्याला रूट होण्याची सोयच ठेवलेली नसते. वाड्याचे खरेदीखत हाती, पण तळघराची किल्ली विकणाऱ्याकडे, असा हा व्यवहार.

४/
ही किल्ली प्रथम सापडली ती योगायोगाने. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेला एचटीसीचा ‘जी-वन’ हा पहिला अँड्रॉइड फोन. थोड्याच आठवड्यांत त्यातील एक विलक्षण चूक उघडकीस आली. कळफलकावर जे टंकले जाई, ते पडद्यामागे रूटच्या अधिकाराने आज्ञा म्हणूनही चालवले जाई. मित्राला धाडायच्या संदेशात, नव्या ओळीवर, रोमन अक्षरांत ‘रिबूट’ असे लिहिले की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! चूक लगेच दुरुस्त झाली. परंतु किल्ली अस्तित्वात आहे, हे जगाला कळून चुकले.

५/
२००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी ‘सायनोजेनमॉड’ ही अँड्रॉइडची सुधारित आवृत्ती सुरू केली. कंपनीने नवी आवृत्ती द्यायचे थांबवलेल्या फोनांवर ती बसवता येऊ लागली. पाश्चात्त्य देशांत या उद्योगामागे बव्हंशी वेगाची, सजावटीची आणि कुतूहलाची हौस होती. भारतीय भाषांच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक मूलभूत होता. येथे फोनला आधी साक्षर करायचे होते.

६/
देवनागरीची अडचण दुहेरी होती. पहिली फाँटची. फोनात अक्षरांच्या आकृत्याच नव्हत्या, म्हणून चौकोन दिसत. दुसरी मांडणीची, आणि ती अधिक खोल. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तीत आहे. पण तेथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘शि’ साठवताना आधी श येतो, मग पहिली वेलांटी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र वेलांटी श च्या आधी हवी असते. ही अदलाबदल करणारी आणि जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा अँड्रॉइडच्या २.२ आणि २.३ या आवृत्त्यांत मुळातच नव्हती.

७/
परिणाम असा, की नुसता फाँट घातला तर चौकोन जात. पण ‘शिरड’मधली वेलांटी श ला सोडून पुढच्या र वर जाऊन बसे आणि गावाचे नाव ‘शरिड’ असे दिसे. ‘हिंगोली’तली वेलांटी ग कडे सरके. ‘मल्लिनाथ’ या नावात तर जोडाक्षरही आहे आणि त्यावर वेलांटीही. तेथे पाय मोडलेला एक ल, शेजारी सुटा दुसरा ल आणि न च्या डोक्यावर परकी वेलांटी, असा देखावा होई.

८/
तरीही लोक फाँट घालत, कारण ‘शरिड’ वाचता येते, चौकोन वाचता येत नाहीत. कृती अशी होती. फोनमधला ‘सिस्टिम’ हा विभाग केवळ वाचण्यापुरता खुला असतो. आधी रूटचा अधिकार मिळवायचा. मग तो विभाग लिहिण्याजोगा करायचा. ‘ड्रॉइड सान्स फॉलबॅक’ नावाच्या मूळ फाँटची प्रत बाजूला जपून ठेवायची. त्याच नावाने देवनागरी आकृत्या असलेला फाँट तेथे ठेवायचा, त्याला योग्य त्या परवानग्या लावायच्या आणि फोन पुन्हा सुरू करायचा. एखादी पायरी चुकली, तर फोन कंपनीच्या बोधचिन्हापाशीच अडकून बसण्याची भीती असे. काही हजारांची वस्तू पणाला लावून हे धाडस करायचे, तेही दोन ओळी मराठी वाचण्यासाठी!

९/
ज्यांना हे धाडस नको होते, त्यांच्यासाठी ‘ऑपेरा मिनी’ या ब्राउझरमध्ये एक आडवाट होती. त्यातील एक आडबाजूचे सेटिंग बदलले, की दूरच्या सर्व्हरवर मजकुराची चित्रे तयार होऊन ती फोनवर येत. वेलांट्या जागच्या जागी दिसत. परंतु ही सोय त्या ब्राउझरपुरतीच. आलेला संदेश, जतन केलेली नावे यांच्या नशिबी चौकोनच राहत.

१०/
अधिकृत इतिहास वेगळ्या तारखा सांगेल. ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या ४.० आवृत्तीत देवनागरीची मांडणी बरीचशी मार्गी लागली. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ५.० आवृत्तीत फोनचा सारा व्यवहार मराठीतून पाहण्याची सोय झाली. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. पण २.३ घेऊन विकल्या गेलेल्या स्वस्त फोनांपैकी बहुतेकांना कंपनीकडून ४.० कधीच मिळाली नाही. महागड्या फोनच्या मालकासाठी ‘आवृत्ती आली’ म्हणजे ती हाती आली. स्वस्त फोनच्या मालकासाठी ती केवळ बातमी होती. हे अंतर यंत्र उघडल्याशिवाय मिटत नव्हते.

११/
याच काळात महाराष्ट्रात दुसरा एक प्रयोग घडला, तो थेट सरकारी आश्रयाने. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा टॅबलेट जाहीर झाला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२, सरकारला पडलेली किंमत सुमारे २,२५० रुपये. संथपणाबद्दल त्यावर सडकून टीका झाली. पुढे प्रकल्पाची धुरा आयआयटी मुंबईकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या ‘आकाश-२’ मध्ये १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि अँड्रॉइड ४.० होते.

१२/
पवईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालील चमूने हा टॅबलेट जसा आला तसा वाटण्यावर समाधान मानले नाही. अँड्रॉइडच्या पोटातच लिनक्सचे एक छोटे बिऱ्हाड थाटून त्यावर सी, पायथॉन आणि सायलॅबमधील प्रोग्रॅम लिहिण्याची सोय करण्यात आली. याहून पुढचे पाऊल म्हणजे मेमरी कार्डावरून चालणारे संपूर्ण लिनक्स. ‘आकाश-२’ची चिप सुरू होताना आधी मेमरी कार्डाकडे पाहते, मगच आतील साठ्याकडे वळते. त्यामुळे कार्ड घातले की टॅबलेटचा संगणक होई, कार्ड काढले की पुन्हा अँड्रॉइड. मूळ प्रणालीला धक्काही लागत नसे.

१३/
‘आकाश’ योजना पुढे विरून गेली, आणि तिच्या अपयशाची चर्चा पुष्कळ झाली. पण तिने एक गोष्ट सिद्ध केली. यंत्र स्वस्त असले तरी त्याचे दार उघडे असेल, तर निर्मात्याच्या कल्पनेपलीकडचा उपयोग त्यातून काढता येतो. पवईच्या प्रयोगशाळेत ज्या कृतीला संशोधन म्हटले गेले, तिच्याच धाकट्या बहिणीला बाजारात छेडछाड म्हटले गेले. दोहोंत भेद होता तो परवानगीचा. प्रश्न इतकाच, की स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूसाठी परवानगी मागावी तरी का?

१४/
शिरड शहापूरच्या परिसराला हा प्रश्न अनोळखी नसावा. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचा हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमीन एकाने कसायची आणि हक्क दुसऱ्याचा, हा तेथील जुना शिरस्ता. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली. अशा कुळाला मनमानीने हुसकावण्यास बंदी झाली आणि कसत असलेली जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. ताबा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१५/
उपमा ताणू नये. जमिनीवर पिढ्यांचे पोट असते. फोनचे आयुष्य चार-पाच वर्षांचे. फोनसाठी कोणाच्या घरावर जप्ती आली नाही. तरीही हक्काची रचना सारखी आहे. वस्तू वापरणाऱ्याच्या हाती, अंतिम अधिकार दूर बसलेल्याच्या हाती. आणि येथे तर गोष्ट अधिक विचित्र आहे, कारण कूळ खंड भरून जमीन कसत असे. फोनचा ग्राहक पूर्ण किंमत मोजूनही कूळच राहतो.

१६/
दुसरी बाजू दुर्बळ नाही. रूट केलेल्या फोनमध्ये एखादे लबाड ॲप शिरले, तर त्यालाही सर्वाधिकार मिळू शकतो. आज बँकेचे व्यवहार, निवृत्तिवेतन, शेतमालाचे पैसे हे सारे फोनवर चालते. फोनची प्रणाली बदललेली आढळली, की बँकांची अनेक ॲप काम नाकारतात, त्यामागे ही काळजी आहे. गावात कष्टाने साठवलेली रक्कम एका चुकीने जाऊ शकते, हे विसरून रूटचे गोडवे गाणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

१७/
पण धोका नेमका कोठून येतो, हे तपासले पाहिजे. २०१९ मध्ये मीडियाटेकच्या अनेक चिपांमधील एक उणीव हौशी मंडळींच्या हाती लागली आणि स्वस्त टॅबलेट रूट करण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. चिप बनवणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी दुरुस्ती तयार केली. तरीही असंख्य स्वस्त उपकरणांपर्यंत ती पोहोचली नाही, आणि लबाड ॲपांनी त्याच भगदाडाचा फायदा घेतला. मार्च २०२० मध्ये गूगलला आपल्या सुरक्षापत्रकात तिची दखल घ्यावी लागली. धोक्याचे मूळ मालकाच्या हातातील किल्लीत नव्हते. ते न आलेल्या दुरुस्तीत होते. कुलूप मालकाला बाहेर ठेवत होते, चोराला नव्हे.

१८/
म्हणून कुलूप असावे, हे मान्य. पण किल्ली घरमालकाकडे असावी. याचा व्यावहारिक अर्थ तिहेरी आहे. एक, फोनचे कुलूप अधिकृत रीतीने, विनाशुल्क उघडता यावे आणि तसे करताना धोक्याची स्पष्ट सूचना मिळावी. दोन, कंपनीने दुरुस्त्या देणे थांबवले, की ते कुलूप उघडण्याची सोय तिने आपणहून द्यावी. तीन, लिनक्सच्या परवान्यानुसार गाभ्याचा जो सोर्स कोड खुला करणे बंधनकारक आहे, तो स्वस्त फोनांच्या बाबतीतही खरोखर मिळावा.

१९/
यात अघटित असे काही नाही. अमेरिकेत जुलै २०१० मध्येच फोनचे असे कुलूप उघडण्याला प्रताधिकार कायद्यातून सूट मिळाली होती. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले. तेथील भर सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सेवा केंद्रे यांवर आहे. पण बॅटरी नवी घातली आणि प्रणाली मात्र आठ वर्षांपूर्वीचीच राहिली, तर फोन दुरुस्त झाला असे म्हणता येत नाही. सॉफ्टवेअरचे कुलूपही या हक्काच्या कक्षेत आले पाहिजे.

२०/
शहरात टाकून दिलेला फोन गावात दुसऱ्या हाताने येतो, मग घरातल्या धाकट्याच्या अभ्यासाला लागतो. त्याच्यावर नवी प्रणाली बसवता आली, तर तो आणखी काही वर्षे पुस्तक होईल, वही होईल, प्रोग्रॅम शिकण्याची पाटी होईल. नाही आली, तर तो भंगारात जाईल. हा निवाडा आज दूरदेशीची कंपनी करते. ज्या मुलाच्या हातात तो फोन आहे, त्याच्या घराने तो करावा, एवढीच ही मागणी आहे.